मापाची पिटुनिया

विद्यापीठाच्या त्या वनस्पतिशास्त्र विभागातली सगळी फुलझाडं निम्मी झाली ती १९८८ सालच्या मोठ्या सुट्टीनंतर, आणि पुन्हा होती तेवढी झाली ती १९९३ साली, एका तोंडी परीक्षेच्या दिवशी, चहा यायच्या आधी. मधली वर्षं विभागाने फार सुखात काढली.

निम्मी म्हणजे उंचीने नव्हे. बाहेरून झाडं होती तशीच होती. काचघरातली लिली तशीच मान वाकडी करून उभी, सूर्यफूल तसंच आडदांड. निम्मी झाली ती आतून. प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचा लांबलचक धागा गुंडाळून ठेवलेला असतो. तो यंत्रावर मोजला, तर जुन्या मोजणीच्या निम्मा भरू लागला. लिलीचा निम्मा, वाटाण्याचा निम्मा, सूर्यफुलाचा निम्मा. कुणाचा पाव नाही, कुणाचा पाऊण नाही. घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी एकाच अंशाचा ताप यावा, तसा प्रकार. तिथे एवढी शिकलेली माणसं वावरत होती, पण एकाच्याही कपाळावर आठी पडली नाही. उलट सगळ्यांनी सरांचं अभिनंदन केलं.

सर म्हणजे विभागप्रमुख. धाग्याची लांबी हा त्यांचा जन्माचा विषय. विषय तसा गमतीचाच आहे. एखाद्याला वाटेल की जे झाड मोठं, गुंतागुंतीचं, त्याचा धागा लांब. तसं काही नाही. दलदलीत किडे खाऊन जगणाऱ्या एका बोटभर झाडाचा धागा इतका आखूड की मोजणाऱ्याला दया यावी, आणि लिलीच्या गोतातल्या एखाद्या साध्या कंदाचा त्याच्या हजारपट. कांद्याच्या पेशीत माणसाच्या पाचपट डीएनए असतो. आता त्या कांद्याला एवढ्या मजकुराचं करायचंय काय? तर त्यातला बहुतेक भाग म्हणजे नकलांच्या नकला. धाग्यातले काही तुकडे स्वतःची नक्कल काढतात आणि दुसरीकडे नेऊन चिकटवतात. त्या नकला पुन्हा तेच करतात. शिवाय फुलझाडांच्या घराण्यात अधूनमधून अख्खा धागाच दुप्पट होतो. पुढच्या पिढीला सगळं सामान दोन-दोन मिळतं.

वाढतं हे सगळ्यांना मान्य होतं. भांडण होतं ते पुढचं. एकदा वाढलेलं कमी होतं का? एक पक्ष म्हणायचा, कधीच नाही, आत आलेलं बाहेर जात नाही. त्यांच्या म्होरक्या होत्या दुसऱ्या विद्यापीठातल्या एक कडक बाई. उभं आयुष्य कांद्यावर काढल्यामुळे त्यांना सगळे कांदेबाई म्हणत. दुसरा पक्ष म्हणायचा, झाडं अडगळ फेकूनही देतात. या पक्षात माणसं थोडी होती आणि पुरावा त्याहून थोडा.

सर मुळात पहिल्या पक्षातले. पण सुट्टीनंतर सगळे आकडे निम्म्यावर आले, तेव्हा ते एका रात्रीत दुसऱ्या पक्षाचे पुढारी झाले. काचघरात झाडाचे लाड होतात, ऊनवारा लागत नाही, म्हणून ते पिढ्या-दोन पिढ्यांत धाग्यातली अडगळ टाकून देतं, असा त्यांनी सिद्धांत मांडला. त्याला नाव दिलं आटण्याचा सिद्धांत. मुलं पाठीमागे त्यांना आटीव सर म्हणू लागली. सरांच्या कानावर ते गेलं, आणि त्यांना ते आवडलं.

एका परिषदेत कुणीतरी विचारलंच, "पण सर, सगळी झाडं नेमकी निम्मीच कशी?"

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "निम्मा हा निसर्गाचा आवडता अपूर्णांक आहे."

टाळ्या पडल्या. विचारणाराही टाळ्या वाजवत खाली बसला.

*

या सगळ्या मोजण्या करायच्या वहिनी.

वहिनी म्हणजे सरांची बायको. लग्नाआधी त्या याच विभागात पहिल्या आल्या होत्या. मग मुलं झाली, ती शाळेत जाऊ लागली, तेव्हा त्या परत आल्या त्या मदतनीस म्हणून. तेव्हापासून शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांच्या त्या वहिनी. "वहिनी, एवढं पान चिरून द्या." "वहिनी, सरांचा मूड कसा आहे?" बाकीच्या मदतनिसांना निदान आडनावं होती.

मोजणीची पद्धत स्वयंपाकघराला जवळची होती, म्हणूनच बहुधा ती वहिनींकडे आली. ज्या झाडाचा धागा मोजायचा त्याच्या पानाचा तुकडा आणि ज्याचा धागा आधीच ठाऊक आहे अशा एका झाडाच्या पानाचा तुकडा, दोन्ही एका बशीत घ्यायचे. थंड पाण्यासारखं एक द्रावण घालायचं आणि नव्या ब्लेडने दोन्ही एकत्र चिरायचे, चटणीसारखे बारीक. मग बारीक जाळीतून गाळायचं, लाल रंग घालायचा आणि यंत्राला पाजायचं. प्रत्येक केंद्रक दिव्यासमोरून जाताना चमकतं. जितका डीएनए जास्त, तितकी चमक जास्त. पडद्यावर दोन शिखरं उमटतात, एक ठाऊक झाडाचं आणि एक अनोळखी झाडाचं. दोन्हींची तुलना केली की उत्तर.

ठाऊक झाड म्हणजे विभागातली मापाची पिटुनिया. सरांनी ती परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून, त्यांच्याच शब्दांत, 'छातीशी धरून' आणली होती. तिच्या फांद्या लावून लावून तीच वर्षानुवर्षं चालवायची. यंत्राचं बटण फिरवून पिटुनियाचं शिखर दर वेळी शंभराच्या खुणेवर आणायचं आणि मग बाकीच्यांची उंची बघायची. माप सगळ्यांना तपासायचं. मापाला तपासायची पद्धत नव्हती.

यंत्र सांभाळणारे एक गृहस्थ होते, यंत्रवाले. त्या सुट्टीत त्यांनी यंत्राला नवा दिवा बसवला होता. सुट्टीनंतर पिटुनियाला शंभरावर आणायला बटण पूर्वीच्या निम्मंच फिरवावं लागलं.

"बघितलंत वहिनी?" ते म्हणाले. "दिवा बसवला की असा बसवायचा. दुप्पट उजेड!"

त्या दुप्पट उजेडाबद्दल त्यांना त्या वर्षी प्रशस्तिपत्रक मिळालं.

मदतनिसाचं काम सांभाळून वहिनींनी स्वतःची डॉक्टरेट मांडली होती. नवरा गाईड होऊ शकत नाही, म्हणून कागदावर दुसरे एक प्राध्यापक गाईड होते. ते फक्त सह्या करत, म्हणून त्यांचं नाव सहीवाले. वहिनींचा विषय त्यांचा स्वतःचा होता. सूर्यफुलाच्या गोतातली रस्त्याकडेची, पडीक जागेतली, कुणी ढुंकूनही बघत नाही अशी झाडं. त्यातली काही एका हंगामात उगवून, फुलून, बी टाकून मरतात आणि काही वर्षानुवर्षं तग धरतात. वहिनींना दिसलं होतं की घाईत जगणाऱ्यांचा धागा आखूड असतो. पेशी दुभागताना सगळा धागा दर वेळी पुन्हा कातावा लागतो, आणि घाईच्या झाडाला तेवढी सवड नसते. सकाळच्या गाडीने निघणारा माणूस सामान कमीच बांधणार, असं त्या समजावून सांगायच्या.

हे सगळं त्यांनी मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचा मोतीबिंदू आणि सरांचे दौरे यांच्या फटीतून केलं होतं. मुदत वाढवून घेतली होती, मग वाढवलेली मुदतही वाढवून घेतली होती. आता तेही संपत आलं होतं. या खेपेला तोंडी परीक्षा पार पडली नाही, तर नोंदणी रद्द, आणि सगळं पहिल्यापासून. वहिनी तेव्हा पन्नाशीच्या उंबऱ्यावर होत्या. पहिल्यापासून म्हणजे काय, ते त्यांना चांगलं कळत होतं.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं त्यांचं नव्हतं. ते सरांनी घालायला लावलं होतं: आटण्याचे वर्तमान पुरावे.

"अहो, माझ्या झाडांतल्या जेमतेम सहांच्या जुन्या मोजण्या आहेत," वहिनी म्हणाल्या होत्या. "तेवढ्यावर अख्खं प्रकरण?"

"सहा खूप झाल्या," सर म्हणाले होते. "आणि सहाच्या सहा निम्मी निघालीत की नाही? मग!"

*

तोंडी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात काचघरात गडबड उडाली होती. आटण्याचा सिद्धांत गाजल्यामुळे ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी मापाच्या पिटुनियाच्या फांद्या मागवल्या होत्या. आपणही तुमच्याच मापाने मोजू, असं त्यांचं म्हणणं. वहिनी फांद्या कापून ओल्या कापसात गुंडाळत होत्या. शेजारच्या बाकावर सासूबाई बसल्या होत्या. विभागाचं काचघर घराला लागूनच होतं, आणि दुपारची झोप झाली की सासूबाई तिथे येऊन बसत, सगळ्यांना सूचना द्यायला.

"जपून गं. पोर आहे ती माझी."

"कोण पोर, आई?"

"ही पिटुनिया. माझ्या गॅलरीतली."

वहिनी हसल्या. "गॅलरीतली कशी असेल? ही मापाची. तुमच्या चिरंजिवांनी छातीशी धरून आणली ती."

"ती गेली की! केव्हाच!" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं नाही का त्या अठ्ठ्याऐंशीच्या सुट्टीत परिषदेला गेलात, पोरं माझ्या गळ्यात टाकून? मला म्हणालात, आई, तेवढं कुंड्यांना पाणी घाला. मी घातलं."

"किती घातलंत?"

"भरपूर घातलं. माझा हात काही आखडता नाही. तर ती कुजली. मुळात मरतुकडीच होती गं ती, फुलं नखाएवढी. बघवत नव्हती. मग मी माझ्या गॅलरीतल्या पिटुनियाची फांदी आणून त्याच कुंडीत खोचली. रंग तोच. तुमची ती पाटीसुद्धा हलवली नाही हो!"

वहिनींच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"तुम्ही सांगितलं का नाहीत, आई?"

"त्यात सांगायचं काय? फाटकं पायपुसणं बदललं तर मी तुम्हाला येऊन सांगते का? आणि हा आल्या आल्या काय म्हणाला ठाऊक आहे? 'आई, तुझ्या हाताला काय गुण आहे, झाड कसं टरारलंय!' मी म्हटलं, आहेच मुळी." सासूबाईंनी ओल्या कापसातल्या फांद्यांकडे कौतुकाने पाहिलं. "आता बघ, माझ्या गॅलरीची पोर कुठे कुठे निघाली. तुमचा तो पासपोर्ट लागतो का गं हिला?"

वहिनींनी फांद्या तिथेच ठेवल्या. एक पान खुडलं आणि त्या आत गेल्या.

पानाची खालची साल सोलून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. झाड श्वास घेतं ती इवलीशी तोंडं, पर्णरंध्रं, चांगली ऐसपैस होती. पाठ्यपुस्तकातल्या पिटुनियाच्या मानाने फारच. मग त्यांनी मुळांची टोकं काढून रंगवली, काचेखाली दाबली आणि गुणसूत्रं मोजली. पिटुनियाला चौदा असतात. ती अठ्ठावीस होती. चुकले असेन म्हणून दुसरी काच केली. अठ्ठावीस.

दुकानात मोठ्या फुलांची म्हणून जी पिटुनिया मिळते, तिच्यात बरेचदा सगळा धागा दुप्पट केलेला असतो. फूल मोठं होतं ते त्यामुळेच. वहिनींना हे विद्यार्थिनी असल्यापासून ठाऊक होतं. तराजूत किलोच्या जागी कुणीतरी दोन किलोचं माप ठेवलं होतं, आणि सगळा विभाग त्याला किलो म्हणत होता. मग बाकीचं सगळं निम्मं भरणार नाही तर काय होणार? झाडं आटली नव्हती. दिवा दुप्पट उजळला नव्हता. निसर्गाला कुठलाही अपूर्णांक आवडत नव्हता.

त्या स्टुलावर बसल्या आणि त्यांना हसू फुटलं. हसता हसता मनात प्रबंध उलगडला, आणि हसू थांबलं.

*

सर घरी आरशासमोर उभे राहून भाषणाची तालीम करत होते. परीक्षक म्हणून खुद्द कांदेबाई येणार होत्या. शत्रूचा पुढारी आपल्या दारात! सरांनी स्वागताचं भाषण दोनदा वाढवलं होतं.

वहिनींनी सगळं सांगितलं. सरांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. मग म्हणाले, "आईला काय कळतंय? ती मला अजून दूध पितोस का विचारते."

"मी गुणसूत्रं मोजली."

"चुकली असतील."

"दोनदा मोजली."

सर पलंगावर बसले. बराच वेळ टायच्या टोकाशी चाळा करत राहिले. वहिनींना क्षणभर त्यांची कीव आली. मग सरांनी तोंड उघडलं आणि ती गेली.

"कुणाला बोलली नाहीस ना?"

"नाही."

"छान. आता ऐक. मी माझं काही बघत नाहीये. मी तुझं बघतोय. इतकी वर्षं घासलीस, आणि आता आठवड्यावर परीक्षा आलेली असताना हे काढायचं? नोंदणी जाईल तुझी! आधी तू पदवी घे. मग सावकाश, वर्षा-दोन वर्षांनी, एक छोटी दुरुस्ती छापू. कोपऱ्यात."

"आणि त्या फांद्या? त्या जिथे जातील तिथे सगळं निम्मं होईल."

"होऊ दे की!" सर उठून उभे राहिले. डोळ्यांत चमक आली. "अगं, उलट बरंच आहे! सगळीकडे निम्मं आलं तर सिद्धांत पक्काच झाला!"

हे ते थट्टेने म्हणाले नव्हते. नवऱ्याला ओळखायला आपल्याला एवढी वर्षं लागली, याचंच वहिनींना जास्त आश्चर्य वाटलं.

"अहो, पण ते खरं नाही."

"खरं-खोटं प्रकाशनानंतर ठरतं," सर म्हणाले आणि टाय पुन्हा बांधू लागले. "तू फक्त ते शेवटचं प्रकरण नीट पाठ कर. बाई त्याच्यावरच घसरणार."

वहिनींनी प्रबंध उघडला तो दुसऱ्या दिवशी, सगळे बाहेर गेल्यावर. शेवटचं प्रकरण त्यांनी वाचलंच नाही. स्वतःची प्रकरणं वाचली. आकडे सगळे सुट्टीनंतरचे, म्हणून सगळे चुकीचे होते, पण सगळे सारखेच चुकीचे होते. प्रत्येकाला दोनाने गुणलं की झालं. आखूड धाग्याची झाडं आखूडच राहत होती आणि लांब धाग्याची लांबच. घाईतल्यांचं सामान कमी, हे त्यांचं म्हणणं जागचं हललं नव्हतं. पडत होतं ते एकच प्रकरण, आणि ते त्यांचं नव्हतंच.

पण छापून, बांधून, परीक्षकांना पाठवलेल्या प्रबंधात ते होतं. आणि वर नाव त्यांचं होतं.

*

तोंडी परीक्षा खुली होती. दालन भरलं होतं. पहिल्या रांगेत सर, त्यांच्या शेजारी ठेवणीतले कपडे घालून सासूबाई. सुनेची परीक्षा म्हणून त्या हट्टाने आल्या होत्या. यंत्रवाले यंत्राच्या खोलीला जवळ पडावं म्हणून दाराशी. सहीवाले टेबलापाशी, पेन उघडून.

कांदेबाई बारीक चणीच्या होत्या. आवाज तेवढा बारीक नव्हता. सरांचं भाषण त्यांनी अर्ध्यावर थांबवलं. "पुरे. मला गाडी आहे." मग वहिनींकडे वळल्या. "तुमची पहिली प्रकरणं वाचली. बरी आहेत. शेवटच्यात सहा झाडं आहेत. सहाच्या सहा नेमकी निम्मी. मला एक सांगा, ही झाडं आपसांत ठरवून आटली का?"

दालनात हसू फुटलं. सर पटकन उठले. "बाईसाहेब, निम्मा हा निसर्गाचा—"

"परीक्षा तुमची आहे की यांची?"

सर बसले. वहिनींकडे पाहून त्यांनी हळूच मान हलवली. त्या मान हलवण्यात पदवी होती, नवी खोली होती, दारावर स्वतःच्या नावाची पाटी होती. वहिनींनी ते सगळं पाहिलं, आणि टेबलाच्या कडेला धरून म्हणाल्या,

"प्रबंधातल्या प्रत्येक आकड्याला दोनाने गुणा. शेवटचं प्रकरण फाडून टाका. झाडं आटली नाहीत. आमचं माप बदललं होतं. कुंडीत मापाची पिटुनिया नव्हती, दुकानातली दुप्पट पिटुनिया होती. मी गुणसूत्रं मोजली आहेत, काचा बरोबर आणल्यात."

मग पहिल्या रांगेतून सासूबाई उठल्या.

"दुकानातली नाही हो!" त्या ठणकावून म्हणाल्या. "माझ्या गॅलरीतली! मीच लावली ती. यांची मेली होती, म्हणून माझी दिली. नाहीतर एवढी वर्षं यांनी मोजलं काय असतं?"

"आई, खाली बस," सर म्हणाले.

"का बसू? तूच म्हणालास ना, हाताला गुण आहे?"

मग जे हसू सुटलं ते काही केल्या आवरेना. यंत्रवाले हसता हसता एकदम थांबले. त्यांना दिव्याचं प्रशस्तिपत्रक आठवलं. सहीवाल्यांनी पेनाला टोपण लावलं.

कांदेबाईंनी काचा पाहिल्या. पाहताना त्यांचा चेहरा असा उजळला की वय दहा वर्षांनी उतरलं. "म्हणजे सिद्ध झालं!" त्या सगळ्या दालनाला उद्देशून म्हणाल्या. "मी वीस वर्षं सांगत्येय. धागा वाढतो, कमी कधीच होत नाही. आज यांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. बरोबर ना?"

इथे मान डोलावली असती तरी वहिनींचं काम झालं असतं. कांदेबाई इतक्या खूश होत्या की त्यांनी काहीतरी वाट काढलीच असती. सहीवाल्यांनी टोपण पुन्हा काढलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "तसं नाही म्हणता येणार. आमचं माप चुकलं, एवढंच सिद्ध झालंय. धागा कमी होतो की नाही, ते आम्ही मोजलेलंच नाही. कदाचित होतही असेल."

"कदाचित?" कांदेबाईंचा चेहरा मिटला.

"कदाचित," वहिनी म्हणाल्या. दोन्ही पक्षांना एकाच सकाळी दुखवायचं होतं असं नाही, पण झालं ते असं.

कांदेबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि निकाल सांगितला. "तुम्ही सादर केलेला प्रबंध चुकीचा आहे. आत्ता तोंडी सांगितलात तो बरोबर असेल. मला सही फक्त सादर केलेल्यावर करता येते, आणि ती मी करणार नाही. नमस्कार."

त्या निघाल्या. चहा दारातच आला होता, तो तसाच परत गेला. लोक वहिनींना चुकवून बाहेर पडले, जशी माणसं अपघाताची जागा वळसा घालून ओलांडतात. सर काचघरात गेले, आणि ओल्या कापसातल्या फांद्या एक एक करून मोडून टाकल्या. सासूबाई त्यांच्या मागे ओरडत धावल्या. दालनात वहिनी एकट्याच राहिल्या. त्यांनी प्रबंध घेतला, शेवटचं प्रकरण बांधणीतून हाताने फाडलं. कागद चिवट होता, वेळ लागला.

त्या महिन्याअखेर नोंदणी रद्द झाली.

*

यंत्रवाल्यांचं प्रशस्तिपत्रक कुणी परत मागितलं नाही. पण तेच त्या खोलीत रमेनासे झाले. पुढे त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि उत्तम चालवलं. शिवणयंत्र सिद्धांत मांडत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाइकांना ते कळत नसे.

सहीवाल्यांनी नोंदणी रद्द झाल्याच्या कागदावरही सही केली. काही वर्षांनी ते कुलगुरू झाले. त्या जागेला लागणारा अनुभव त्यांच्याइतका कुणालाच नव्हता.

कांदेबाईंना दीर्घायुष्य लाभलं, आणि तेच नडलं. पुढच्या काळात चांगल्या पद्धती आल्या आणि स्वच्छ दिसलं की फुलझाडं धागा टाकूनही देतात. कुठे थोडा, कुठे फार, दुप्पट झाल्यानंतर तर हमखास. नेमका निम्मा मात्र कुणीच नाही. कांदेबाईंनी शेवटच्या लेखात त्या सगळ्या झाडांना 'अपवाद' म्हटलं. अपवादांचा तक्ता बावीस पानांचा होता. त्यात वहिनींची मोजमापं होती, दुरुस्त केलेली, आणि बाईंनी ती स्वतः पत्र लिहून मागून घेतली होती.

सासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या. फांद्या मोडल्याबद्दल त्यांनी मुलाशी वर्षभर अबोला धरला आणि गॅलरीतली पिटुनिया सगळ्या आळीत वाटली.

सरांना पहिलं वर्ष जड गेलं. मग त्यांनी 'मापाची शुद्धता' या विषयावर पुस्तक लिहिलं. माप कसं तपासावं, न तपासल्यास काय होतं, याबद्दल त्यांच्याएवढं अधिकाराने कोण बोलणार? पुस्तक अजून अभ्यासक्रमाला लावलेलं असतं. आणि धागा कमीही होतो हे जगाने मानलं, तेव्हा सर व्यासपीठावर उभे राहून म्हणाले, "हे मी १९८९ सालीच सांगितलं होतं." सांगितलं होतंच. त्याबद्दल त्यांना मानपत्र मिळालं.

वहिनींनी तिसऱ्याच विद्यापीठात नाव घातलं, जिथे दोन्ही पक्षांचं कुणी नव्हतं. रोज बसने जाऊन-येऊन, सगळी झाडं नव्याने गोळा करून, तीन वेगवेगळ्या मापांनी मोजली. निष्कर्ष तोच आला. १९९८ साली, निवृत्तीला फार वर्षं उरली नसताना, त्यांना पदवी मिळाली. तोंडी परीक्षा दीड तास चालली आणि परीक्षकांनी एकही तिरकस प्रश्न विचारला नाही. सर आवर्जून आले होते. ते पहिल्या रांगेत बसले, आणि दुसऱ्या प्रकरणाच्या सुमारास त्यांना झोप लागली.